सरकून घ्या की

रिकामी सीट दिसली की सिद्रामअण्णांना दुखतं. नेमकं कुठे दुखतं ते त्यांना सांगता येत नाही. पण एकट्या माणसाला घेऊन एखादी मोटार समोरून गेली, की ते छातीवर हात ठेवून 'अरारारा' करतात आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहतात.

मी जुळे सोलापुरात राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. सकाळी कॉलेजला निघाले होते. छोटी लाल गाडी, आत मी एकटी. कॉलनीच्या कमानीपाशी पांढरा पायजमा आणि तिरकी टोपी घातलेला एक उंच म्हातारा हात आडवा करून उभा होता. मी थांबले. त्यांनी मागचं दार उघडलं, शेवग्याच्या शेंगांचा भारा घेतलेल्या एका आजींना आत बसवलं, शेंगांची टोकं खिडकीतून बाहेर काढून दिली, दार लावलं आणि टपावर दोन थापा मारल्या.

"सात रस्त्याला उतरतील. चला."

"पण तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी न्हाय येनार. मला काय काम हाय तितं?"

आजींनी सात रस्ता येईपर्यंत माझं माहेर, सासर, पगार आणि गुडघ्यांची तब्येत विचारून घेतली आणि उतरताना चार शेंगा सीटवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत दोन नर्सबाई आल्या. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागच्या गेटनं निघाले. अण्णा तिथे तबला शिकवणाऱ्या एका बाईंना, तबल्यासकट, घेऊन उभे होते.

हळूहळू उलगडा झाला. सिद्रामअण्णा मूळचे मंद्रूपचे. उभं आयुष्य त्यांनी मंद्रूप ते सोलापूर वडाप चालवलं. वडाप म्हणजे गच्च भरल्याशिवाय जागची न हलणारी जीप. डोळे अधू झाले तशी मुलानं जीप विकायला लावली, जुळे सोलापुरात दोन खोल्या घेऊन दिल्या आणि तो नोकरीला पुण्याला गेला. जीप गेली, पण अण्णांच्या आतली भरती काही थांबली नाही. "सरकून घ्या की" हे त्यांचं पालुपद. देवळात, लग्नाच्या पंगतीत, रक्त तपासायच्या रांगेतसुद्धा ते हे म्हणतात आणि लोक खरोखर सरकतात.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, गाडी पाच माणसांची आहे. तुम्ही सहावा घालताय."

"पाच कुनी ठरवलं?"

"कंपनीनं."

"कंपनी कदी मंद्रूपच्या बाजाराला आलती का?" अण्णा म्हणाले. "तिला काय म्हाईत किती बसत्यात."

मी बरीच हुज्जत घातली, तेव्हा पाचावर तडजोड झाली. पुढे आठवडाभर ते माझ्याकडे, घरात धान्य असून उपाशी झोपणाऱ्या बाईकडे बघावं तसे बघत होते.

त्यांचं काम मात्र चोख. कोण कुठे, किती वाजता जातो, हे सगळं डोक्यात. बाईच्या गाडीत बाईच. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचं वजन ते नजरेनं जोखत. "ह्यो तुमच्या स्कूटरला जड हुईल, त्या पातळ मास्तरला घ्या," असं जड माणसासमोरच सांगत. अनोळखी माणसाला बसवताना त्याचं नाव, गाव आणि कामाचं ठिकाण मोठ्यानं वदवून घेत, म्हणजे सगळ्या कमानीला ते पाठ होई. कॉलनीतल्या निम्म्या गाड्या घरीच राहायला लागल्या. सकाळी मुलांना रस्त्याकडेनं चालत शाळेत जाता येऊ लागलं.

चुकाही व्हायच्या. अकलूजहून कुणाकडे तरी आलेले एक पाहुणे एकदा स्टेशनला जायला कमानीपाशी उभे होते. एकही रिक्षा येईना. तेवढ्यात एक लांबडी पांढरी गाडी समोरून रिकामी निघाली. अण्णांनी हात केला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले आणि पाहुण्यांना आणखी दोघांसोबत मागच्या बाकावर बसवून दिलं. अण्णांची नजर अधू, त्यामुळे बाजूला काय लिहिलंय ते त्यांना वाचता आलं नाही आणि बसणाऱ्यांनी घाईत वाचलं नाही. ती शववाहिका होती.

पाहुणे नंतर सांगत होते की असा प्रवास सोलापुरात त्यांनी कधी केला नव्हता. आसरा चौकात सगळी रहदारी बाजूला झाली. लोकांनी टोप्या काढल्या. एका ट्रकवाल्यानं गाणं बंद केलं. अडचण झाली ती स्टेशनवर. तिथे त्यांची मेहुणी त्यांना निरोप द्यायला आली होती आणि तिनं आधी गाडी पाहिली. दार उघडून हे हसत खाली उतरले तेव्हा ती खालीच बसली.

"पर टायमात पोचले का न्हाय?" अण्णांचा एवढाच सवाल होता.

कुलकर्णी आणि गड्डम यांचं प्रकरण याहून नाजूक. कुलकर्णी निवृत्त इंजिनीअर. गड्डमांचा चादरींचा व्यापार. दोघांची घरं समोरासमोर आणि मध्ये झाडाखाली एकाच गाडीपुरती सावली. त्या सावलीवरून दोघं दोन वर्षं बोलत नव्हते. अण्णांना हे माहीत होतं. तरी एका सकाळी गड्डमांची गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी कुलकर्ण्यांच्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि गड्डमांना आत ढकललं.

कुलकर्णी समोर बघत राहिले, गड्डम बाहेर बघत राहिले. नव्या पेठेपर्यंत कुणीही शब्द काढला नाही. तिथे कुलकर्णी गाडी मागे घेऊ लागले, तेव्हा गड्डमांना आरशात खांब दिसला. दोन वर्षांचं मौन मोडावं की खांब मोडू द्यावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. (हे त्यांनीच मला सांगितलं.) शेवटच्या क्षणी ते म्हणाले, "मागं खांब आहे हो."

"दिसला," कुलकर्णी म्हणाले. त्यांना दिसला नव्हता.

त्या दिवसापासून दोघं एकत्र जातात. सुरुवातीला एक आठवडा यांची गाडी, एक आठवडा त्यांची. गड्डमांनी पुढे आपली गाडी विकूनच टाकली आणि सावलीचा प्रश्न आपोआप मिटला.

एवढं सगळं करूनही अण्णा समाधानी नव्हते. त्यांचं खरं दुखणं बसचं. पूर्वी कॉलनीत शहर बस यायची. प्रवासी मिळत नाहीत म्हणून ती बंद झाली होती. गाडीवाल्यांची सोय लावता येत होती. पण भांडी घासायला येणाऱ्या बाया, सूतगिरणीतनं सुटलेले म्हातारे, काठी टेकत दवाखान्यात जाणारे, या सगळ्यांना पुरतील एवढ्या सीटा अण्णा आणणार कुठून?

अशात शहरातली वाहतूक सुधारण्यासाठी नागरिकांची एक बैठक झाली. अण्णांनी मला जबरदस्तीनं नेलं. जाताना गाडीत तिघं आणखी होतेच. व्यासपीठावर महापालिकेचे एक मोठे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. मोटारीतल्या एका माणसाला केवढा रस्ता लागतो, बसमधल्याला केवढा, सायकलवरच्याला केवढा. सांगत होते ते अगदी खरं होतं. अण्णा पहिल्या रांगेत मान डोलवत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तसे ते उठले.

"साहेब, तुमी कशात आलाव?"

"गाडीत," साहेब म्हणाले.

"कितीजन?"

साहेब जरा घुटमळले. "मी आणि ड्रायव्हर."

"म्हंजे तीन शीट रिकामे," अण्णा शांतपणे म्हणाले. "आमचे दोघं हायत जुळे सोलापूरचे. जाताना सोडा की."

सभागृहात एवढा हशा झाला की पडदा हलला. साहेब मात्र दिलदार निघाले. त्यांनी खरोखर अण्णांना आणि आणखी एकाला गाडीत घेतलं. त्या अर्ध्या तासात अण्णांनी काय सांगितलं देव जाणे, पण महिन्याभरात कॉलनीला पंधरा दिवसांसाठी बस मिळाली. अट एकच: रिकामी धावली तर कायमची बंद.

ते पंधरा दिवस आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. अण्णा पहाटेपासून कमानीत. कामाला जाणारे बसमध्ये गेलेच, पण दुपारच्या फेरीला माणसं कमी पडायची. मग बिनकामाचे बसवले जाऊ लागले. कुलकर्णी रोज स्टेशनपर्यंत जाऊन फलाटावरचं घड्याळ बघून परत येत. भजनी मंडळानं आपला सराव बसमध्ये हलवला. आरतीला ड्रायव्हर वेग कमी करायचा. एक काकू म्हणाल्या, "अण्णा, मला कुठेच जायचं नाही हो."

"मग बसायला काय हरकत हाय?" अण्णा म्हणाले. "जायचं असतं तर घाई झाली असती."

काकूंना यात खोट सापडली नाही. त्या बसल्या आणि नव्या पेठेतून कोथिंबीर घेऊन आल्या.

पंधराव्या दिवशी साहेब स्वतः बघायला आले. चढले, पण बसायला जागा नव्हती. अण्णांनी खालून आवाज टाकला, "सरकून घ्या की," आणि आख्खी बस सरकली. साहेब बाकाच्या टोकावर अर्धे टेकले आणि मांडीवर कुणाचं तरी बाळ घेऊन डेपोपर्यंत गेले. बस कायम झाली.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन अण्णांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, गौरव्वाला, अर्धांगवायू झालाय हे मला माहीत होतं. कॉलनीत सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

गौरव्वा खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. अण्णा खाली बसून त्यांचा निर्जीव पाय चोळत होते आणि दिवसाचा हिशेब देत होते. पुढच्या बाकावर कोण, मागच्या बाकावर कोण, काकूंनी काय आणलं, बाळ साहेबांच्या अंगावर कसं झोपलं. गौरव्वा अर्ध्या तोंडानं हसत होत्या. मधेच त्यांनी काहीतरी अस्पष्ट विचारलं.

"नर्सबाईला खिडकी दिली की," अण्णा म्हणाले. मग मला पाहून ओशाळले. "तिला समदं सांगावं लागतंय मॅडम. वडापात मानसं हीच भरायची. पुढं बसायची, हाळी द्यायची. कोन कुनाजवळ बसवायचं, कुनाचं कुनाशी पटत न्हाय, समदं हिच्या डोक्यात. मी नुसता गाडी चालवायचो."

"त्या बाहेर कधी पडल्या होत्या शेवटच्या?"

"दवाखान्यातनं आनलं तवा." ते पाय चोळत राहिले. "बसची पायरी लई उंच. उचलायला दोघं लागत्यात."

"अण्णा, माझी गाडी रोज समोरून जाते. एकदा तरी म्हणायचं."

अण्णांनी पायाखालची उशी सारखी केली. "दुसऱ्यासाटी हात करताना काय वाटत न्हाय," ते म्हणाले. "आपल्यासाटी हात वर हुईना."

मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. कुलकर्णी आणि गड्डमांनी गौरव्वांना खुर्चीसकट उचलून आणलं आणि माझ्या शेजारी पुढे बसवलं; अण्णा मागे बसले. विजापूर रस्ताभर त्या नुसत्या बघत होत्या, एकेक झाड, एकेक पाटी, जणू कुणी जागचं हललंय का ते तपासताहेत.

बाजारात गर्दीपाशी गाडी थांबवली. कांद्याच्या ढिगामागच्या एका म्हाताऱ्या बाईनं काचेतून वाकून पाहिलं. "गौरव्वा हाय की गं," ती म्हणाली आणि तिनं शेजारणीला हाक मारली. मग मेथीवाली आली, बांगड्यावाली आली, आणखी दोघीतिघी आल्या. खिडकीतून हात आत आले, कुणी गालावरून फिरवले, कुणी बोरं ओटीत टाकली. सगळ्या एकदम बोलत होत्या. गौरव्वा चांगल्या हातानं एकेकीचा हात घट्ट धरत होत्या आणि सोडत नव्हत्या.

मी अण्णांना शोधलं. ते गाडीच्या मागे, मान खाली घालून, खांद्यावरच्या टॉवेलनं मागची काच पुसत होते. काच स्वच्छ होती. मी त्यांचं पुसून होईपर्यंत थांबले.