जनार्दन म्हात्रे यांची सतरा धनुष्ये

आमच्या काल्हेर गावात जनार्दन म्हात्रे हे एकच गृहस्थ असे आहेत, की ज्यांनी गेल्या अडीच वर्षांत स्वहस्ते सतरा लाकडी धनुष्ये घडविली आणि त्या सतरांपैकी एकाही धनुष्याचा बाण आजवर त्यांच्या ओटीच्या पायरीपलीकडे गेलेला नाही. सातव्या धनुष्याचा बाण तर मागे गेला. हे कसे घडले असावे, यावर मी पुष्कळ चिंतन केले; परंतु मला जी थोडीफार शास्त्रे अवगत आहेत, त्यांत या प्रश्नाचे उत्तर नाही.

धनुष्य मोडले, वाकले अथवा नुसतेच रुसून बसले, की जनार्दनराव ते डोळ्यांसमोर आडवे धरतात, एक डोळा मिटतात आणि शांतपणे म्हणतात, "सेटिंग बाकी हाय, गुरुजी."

हे त्यांचे महावाक्य. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली, तरी सेटिंग बाकी असते. कोणाचे ठरलेले लग्न मोडले, तरी तेच. मागे देवळात माझ्या प्रवचनाला चार श्रोते जमले आणि त्यांतील दोघांना झोप लागली, तेव्हाही खांबाला टेकून बसलेल्या जनार्दनरावांनी प्रसाद घेताना माझ्याकडे करुणेने पाहून हाच अभिप्राय दिला.

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्या बैठ्या घराला लागून जी नवी इमारत उभी राहिली, तिच्या पहिल्या मजल्यावर राहतो आणि गावातील लहानशा देवळाची नित्यपूजा सांभाळतो. माझ्या सज्ज्यातून त्यांची ओटी स्वच्छ दिसते. म्हणून पुढील वृत्तांत बहुतांशी प्रत्यक्षप्रमाणावर आधारलेला आहे. प्रत्यक्षप्रमाणही कसे फसवते, हे ओघाने येईलच.

जनार्दनरावांचे हात मुळात असे अनाडी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. भिवंडीच्या यंत्रमागांवर त्यांनी चाळीस वर्षे जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर म्हणून काढली. त्यांची कीर्ती अशी, की ते कारखान्याच्या दारात डोळे मिटून उभे राहत आणि त्या कानठळ्या बसविणाऱ्या खडखडाटातून बोट दाखवून सांगत, "तिसऱ्या लायनीतला दुसरा. धोटा उशिरा पोचतोय." आणि मागात आडवा धागा नेणारा तो धोटा खरोखरच उशिरा पोचत असे. शहरातील जुने कोकणी मुसलमान मालक त्यांना नेण्यासाठी रिक्षा पाठवीत. पुढे माग भंगारात गेले, वडिलोपार्जित शेतावर गोदाम उभे राहिले आणि जनार्दनराव ओटीवर येऊन बसले.

अशा मनुष्याला धनुष्याची दोरी बांधता येऊ नये!

या प्रकरणाचा आरंभ दुर्दैवाने माझ्यामुळेच झाला. खंडेनवमीला आमच्या देवळात शस्त्रपूजा होते. पूर्वी कोयते, विळे, नांगराचे फाळ येत. आता मानकोलीपर्यंत सगळी गोदामेच झाल्यामुळे देवापुढे खोकी फोडण्याचे कटर, चिकटपट्टीची यंत्रे आणि मालावरील पट्ट्यांवर लाल किरण टाकणारी उपकरणे मांडली जातात. मी त्यांनाही यथासांग गंधाक्षता वाहतो, कारण ज्याचे पोट ज्यावर, त्याचे ते शस्त्र. तथापि मंत्रात धनुष्याचा उल्लेख आला की समोर चिकटपट्टी पाहून माझा कंठ किंचित अडखळे. म्हणून एकदा जनार्दनरावांना म्हटले, "आपण एवढे कारागीर. देवासाठी एक खरे धनुष्य कराल काय?"

"करू की," ते म्हणाले. "लाकूड कनचा?"

मी धामण सुचविली. प्राचीन काळापासून धनुष्याला तेच लाकूड योग्य मानतात. शहापूरकडून धामणीच्या फोका आल्या. बाणांसाठी कारवीच्या काठ्या आल्या, कोंबडीची पिसे आली, जुन्या मागावरची पक्की दोरी निघाली. रंधा, कानस आणि लाकूड तासायला फुटक्या काचा ओटीवर मांडल्या गेल्या. आणि मग सतरा धनुष्यांची ती परंपरा सुरू झाली.

ओटीवर आणखी एक व्यक्ती असे. जनार्दनरावांची थोरली बहीण हिराबाय. आई लवकर गेल्यामुळे यांना तिनेच वाढविले. पुढे ती विधवा होऊन माहेरी आली आणि आता त्या घरात ही दोघेच. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने चालू लागले. उजवा हात मात्र लुळाच राहिला. तो व्यायामाने सुधारेल, परंतु व्यायाम झालाच पाहिजे, नाहीतर कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. दाबण्यासाठी एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. हिराबायने तो डाव्या हाताने गटारात भिरकावला. "मी काय पालन्यातली पोर हाय? हात गेला तो गेला. त्याचा बारावा पन घातला मी." तेव्हापासून तो हात पदराखाली असे. कोणी त्याची विचारपूस केली, तर ती उठून आत जाई.

जीभ मात्र झटक्यातून पूर्णतः बचावली होती.

"जन्या, ही गाठ हाय का शेंबूर?"

"मंग तू बांध, बाय."

"मना हात हाय काय?"

"डावा हाय ना."

"डाव्या हातानं गाठ बांधत्यात? कुनी शिकवला तुना, या गुरुजीनी?"

लहानपणी भाताच्या शेताची राखण करताना पाखरे उडविण्यासाठी ती स्वतः धनुष्ये करीत असे, असे ऐकून होतो. त्यामुळे भावाच्या अज्ञानाने तिला होणाऱ्या यातना मला समजत. जनार्दनराव धनुष्याचे एक टोक मनगटाएवढे जाड ठेवीत आणि दुसरे करंगळीएवढे बारीक. दोरीसाठी खाच पाडीत ती उलटी. गोदामात जाणारा एक उत्तरेकडचा कामगार रोज थांबून विचारी, "चाचा, ये कमान है कि कपड़ा सुखाने का डंडा?" आणि जनार्दनराव प्रसन्नपणे म्हणत, "सेटिंग बाकी है, भाई." मग ते धनुष्य बहिणीच्या मांडीशी ठेवून भाजीला निघून जात.

दोन खंडेनवम्या अशाच चिकटपट्टीवर गेल्या. तिसरी जवळ आली आणि सतराव्या धनुष्याच्या बाणांना जनार्दनरावांनी पिसे लावली, ती पुढच्या टोकाला.

माझी सहनशक्ती संपली. दुपारी ओटीवर कोणी नाही असे पाहून मी खाली उतरलो. पिसे सोडविली, मागच्या टोकाला नीट बांधली, दोरीची गाठ आवळली आणि परोपकार केल्याच्या समाधानात वर येऊन निजलो.

चार वाजता दारावर थाप पडली. जनार्दनराव उभे होते. त्यांना रागावलेले मी प्रथमच पाहत होतो.

"कमानीला हात कुनी लावला, गुरुजी?"

"मी. आता ती निर्दोष झाली आहे."

"निर्दोष कुनी मागितली?"

"मीच मागितली होती," मी म्हटले, "अडीच वर्षांपूर्वी."

ते हात जोडून म्हणाले, "तुमी देवाचा बघा, गुरुजी. फॉल्ट हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

ज्या मनुष्याने उभे आयुष्य फॉल्ट काढण्यात वेचले, त्याच्या तोंडून हे वाक्य! वार्धक्याने बुद्धीला भ्रंश होतो असे मानून मी त्यांना मनोमन क्षमा केली. सायंकाळी सज्ज्यातून पाहिले, तर पिसे पुन्हा पुढच्या टोकाला आली होती.

अष्टमीच्या दुपारी, आता या वर्षी तरी आशा धरावी काय, हे विचारण्यासाठी मी त्यांच्याकडे गेलो. मागच्या अंगणातून वाट जवळ पडते, म्हणून परसदाराने शिरलो. माजघरात, पुढच्या दाराच्या फळीआड जनार्दनराव श्वास रोखून उभे होते. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि फटीकडे खूण केली.

ओटीवर हिराबाय एकटी होती; या वेळी मी एरवी वर निजलेला असतो. सतरावे धनुष्य तिच्या मांडीवर होते आणि उजवा हात पदराबाहेर आलेला होता. दोरी तिने डाव्या हाताने ताणून धरली होती आणि उजव्या अंगठ्याने तिचा फास खाचेत ढकलीत होती. अंगठा थरथरे, फास निसटे. "वल, मेल्या," ती अंगठ्याला म्हणाली. फास निसटला. "खाऊन माजलास, वल म्हंते ना!" तो पुन्हा निसटला. चौथ्या वेळी फास बसला. उजव्याच हाताची बोटे हळूहळू मिटत त्या गाठीभोवती आली आणि तिने ती ओढली. मग तिने चेहऱ्यावरचा घाम पुसला, हात पदराखाली घेतला आणि धनुष्य पायाने असे दूर सारले, की जणू त्याच्याशी तिचा काहीच संबंध नव्हता.

जनार्दनराव कुजबुजले, "पयल्यांदा बोट बी हालत न्हवता. पाचव्या कमानीला अंगठा आला. आता मूठ होते, गुरुजी."

मी फटीपासून मागे सरलो.

"चांगली वस्तू दिली तर बाय नुसती बघंल. वाईट मात्र तिच्यानं बघवत न्हाय."

त्यांच्या डोक्यामागे, दाराआडच्या खुंटीला जुन्या धोतरात गुंडाळलेले काहीतरी लांबट टांगलेले होते. मी कापड सरकविले. धामणीचे धनुष्य. दोन्ही बाजू तोलून तासलेल्या, काचेने घासून तेल पाजलेल्या, खाचा केसाइतक्या नेमक्या. दोरीला मी नखाने किंचित स्पर्श केला. जो ध्वनी आजवर केवळ ग्रंथांत वाचला होता, तो त्या अंधाऱ्या माजघरात मला ऐकू आला.

"हे कधी केले?"

"हीच पयली, त्या सतरांच्या आदीची. तुमी सांगितल्यावर आठ दिवसांत झाली. पन देवलात दिली असती तर बायनं बघितली असती. मंग खेल खलास." ते ओशाळले. "उद्या गुपचूप घेऊन जा. देवाला कवरा थांबवायचा?"

"देवाला थांबण्याची सवय आहे," मी म्हणालो आणि कापड पूर्ववत केले.

खंडेनवमीला सकाळी कटर, चिकटपट्ट्या आणि लाल किरणांची उपकरणे देवापुढे मांडून मी संकल्प सोडणार, इतक्यात काठी टेकीत हिराबाय आली. मागे जनार्दनराव होते, त्यांच्या हातात सतरावे धनुष्य. पायरीपाशी तिने ते त्यांच्याकडून घेतले, उजव्या हाताने. देवापर्यंतची चार पावले तिने एवढ्या सावकाश टाकली, की देवळातील सारी कुजबुज थांबली. धनुष्य ठेवताना टोक चिकटपट्टीला लागले, यंत्र कलंडले.

"जन्या, नारल इसरलास," ती म्हणाली. जनार्दनराव लगबगीने घराकडे वळले.

मग ती माझ्याकडे वळली. "कशी हाय कमान, गुरुजी?"

"उत्तम आहे."

"देवापुरं खोटा नका बोलू." तिने मागे पाहून भाऊ दूर गेल्याची खात्री केली. "त्याला कमान मीच शिकवली. सात वर्साचा व्हता. पयल्याच दिशी त्याचा बान सरल चिचेवर. तो पिसा पुरं लावील व्हय?"

मी हातातील पळी खाली ठेवली. चार शास्त्रे पढलेला मी एकटाच त्या ओटीवर अडाणी होतो.

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगून काय? माग गेला, शेत गेला. दिवसभर बसून माज्या हाताकरं बघत रडंल तो. कमानी करतोय, करू दे." तिने काठी सावरली. "आनि तुमी पिसा मागं लावलीत, ती मीच परत पुरं लावली. जन्याला वाटला आसंल त्यानंच लावली नि इसरला."

जनार्दनराव नारळ घेऊन आले. देवापुढील धनुष्याकडे त्यांनी एक डोळा मिटून पाहिले. "सेटिंग बाकी हाय. अठरावी करायला पायजे."

"कर," हिराबाय म्हणाली. "पन या टायमाला जरा डोकं लाव."

मी मंत्र सुरू केला. धनुष्याच्या उल्लेखापाशी या वर्षी कंठ अडखळला, परंतु कारण निराळे होते. गंध लावताना दिसले, की वरच्या टोकाची गाठ सैल आहे आणि फास हळूहळू खाचेबाहेर सरकतो आहे. सवयीने माझी बोटे ती आवळण्यासाठी पुढे गेली. मग मी हात आवरला आणि त्या सैल गाठीवर अक्षता वाहिल्या.