झटकू नगा!

आमच्या किसनआबांसमोर तुम्ही काहीही करा, फक्त काही झटकू नका. तोंडावर वेडा म्हणा, ऐकून घेतील. त्यांची शिडी नेऊन सहा महिने परत करू नका, विसरून जातील. पण दारात उभं राहून कुणी सतरंजी झटकली, की सत्तरी ओलांडलेला हा माणूस लिंबाखालच्या बाजेवरून ताडकन उठतो आणि दोन आळ्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, "झटकू नगा!"

नवखा माणूस दचकतोच. मी या गावच्या शाळेवर बदलून आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी दचकलो होतो. भांड्यांचं रिकामं पोतं अंगणात झटकत होतो, तेवढ्यात ती आरोळी आली. मला वाटलं, पोत्यातून साप निघाला. पोतं टाकून मी ओट्यावर उडी मारली.

"साप न्हाय, मास्तर. धूळ हाय," कुंपणापलीकडून आवाज आला. "आधी भिजवा. मग काय करायचं ते करा."

अशी आमची ओळख झाली. बारामती-इंदापूर रस्ता सोडून थोडं आत आलं की उसात बुडालेलं आमचं गाव लागतं. त्या गावात आबांचं घर माझ्या घराला लागून. बायको वारल्यापासून आबा एकटेच राहतात. घर आरशासारखं लख्ख, पण त्यात झाडू नाही. झाडूनं धूळ उडते म्हणून तो त्यांनी कधीच हद्दपार केला. रोज दोन वेळा गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसतात. स्वतःचे कपडे स्वतः धुतात. मुंबईहून सून आली आणि तिनं हौसेनं सासऱ्याचं धोतर धुवायला घेतलं, तर आबांनी ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं. सून बिचारी दिवसभर रडली.

दारामागे त्यांचा पंप टांगलेला असतो. पिकावर औषध फवारायचा, पाठीवर बांधायचा. आबांची शेती वाट्यानं दिलेली, त्यामुळे पंपात औषध नसतं, साधं पाणी असतं. गावात कुणी भिंत फोडायला काढली, जुना सिमेंटचा पत्रा काढायला घेतला, की आमंत्रणाची वाट न बघता आबा पंप पाठीला लावून हजर. फूस फूस करत सगळं भिजवून टाकतात. गवंडी वैतागतात. एकानं चिडून विचारलं, "आबा, भिताडाला कीड लागलीया व्हय?" आबा म्हणाले, "भिताडाला न्हाय, तुला लागंल," आणि त्यालाही भिजवला.

भिगवणला एका लग्नात तर त्यांनी पंगतच अडवली. मंडपवाले जाजमं झटकत होते. आबा मध्ये उभे राहिले. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचा कुणी मामा रुसला. चार शहाणी माणसं आली आणि टॉवेल-टोपी देऊन त्यांची समजूत काढली. आबांनी टोपी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, न झटकता डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता जाजम भिजवा." भिजवलेल्या जाजमावर कोण जेवणार? ती पंगत उभ्यानं झाली.

शाळेतलं डस्टरही त्यांनी सोडलं नाही. एकदा आम्ही वर्गात असताना खिडकीतून हात घालून डस्टर उचललं आणि बादलीत बुडवून परत ठेवलं. त्या दिवशी फळ्यावर मी भूगोल शिकवला की चिखल केला, ते मुलांनाच विचारा.

हे सगळं कशामुळे, ते आबा फारसं सांगत नसत. एवढंच कळलं होतं, की उमेदीची वर्षं इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात गेली. काम काय होतं विचारलं, की म्हणत, "पाइपाला स्वेटर घालायचो." वाफेचे पाइप गार होऊ नयेत म्हणून त्यांना पांढरा दोर गुंडाळायचा, वरून लेप द्यायचा. दोर अॅस्बेस्टॉसचा. जळत नाही, कुजत नाही आणि हाताला कापसासारखा मऊ. दुपारच्या सुट्टीत माणसं त्याचीच गुंडाळी उशाला घेऊन झोपत. पुढे त्या दोराची धूळ छातीत बसते असं निघालं आणि कारखान्यात त्याला बंदी आली. नवा दोर आला. तो खाजरा.

"दोन दिसांत समद्यांचं हात सुजलं," आबा सांगत. "मंग आमी अर्ज केला, आमचा जुना दोर परत द्या म्हणून. साठ माणसांच्या सह्या. पैली सही माझी."

हे 'पैली सही माझी' त्यांच्या बोलण्यात नेहमी यायचं. म्हातारा जुन्या पुढारपणाची बढाई मारतोय असं मी धरून चाललो होतो. शिक्षकाला दुसऱ्याच्या बढाया लगेच ओळखू येतात, असा माझा एक समज आहे.

दुसरी गंमत त्यांच्या फोटोची. फोटो म्हणजे छातीचा. दर वर्षी आबा बारामतीला जाऊन छातीचा फोटो काढून आणत. "काय निघालं, आबा?" कुणी विचारलं की, "काय न्हाय" एवढं बोलून आत जात आणि दाराला कडी लावत. दोन दिवस कुणाशी बोलणं नाही. ज्याचा रिपोर्ट चांगला येतो तो पेढे वाटतो, आमचे आबा सुतक पाळत. गेल्या वर्षी मी कुंपणावरून म्हणालोही, "धीर सोडू नका आबा, पुढच्या वर्षी निघेल काहीतरी." ते हसले नाहीत. मी मात्र आपल्या विनोदावर खूश होऊन चहा प्यायला गेलो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

या वर्षी शाळांच्या छपरावर सिमेंटचे पत्रे नकोत, असा वरून कागद आला. त्या पत्र्यातही तोच अॅस्बेस्टॉस असतो, मुलांच्या डोक्यावर तो नको, असं कागदात लिहिलं होतं. सुट्टीत पत्रे उतरवायचं ठरलं आणि आमच्या गावानं आपलं डोकं चालवलं. पत्रे उतरणार म्हटल्यावर ते कुणी न्यायचे याच्या याद्या झाल्या. कुणाला गोठ्यावर, कुणाला शेळ्यांना आडोसा, कुणाला मोटारीच्या खोलीवर. आबा ग्रामसभेत तळतळून बोलले. सरपंच शांतपणे म्हणाले, "आबा, बंदी पोरांच्या डोक्यावरच्या पत्र्याला हाय. म्हशीच्या डोक्यावरच्या न्हाय." सभा हसली. मीही हसलो. यादीत दोन पत्रे माझ्या मोटारसायकलीच्या छपरासाठी होते.

पत्रे उतरवायला ठेकेदारानं एक जोडपं पाठवलं, पोपट आणि त्याची बायको मंगल. पोपट वर चढून हातोड्यानं गंजके बोल्ट ठोकायचा, पत्रा सुटला की खाली ढकलायचा. निम्मे पत्रे पडताच फुटत. मंगल तुकडे घमेल्यात भरायची. सकाळी आठपासून आबा पंप घेऊन खाली उभे. एक पंप संपला की टाकीवर जाऊन भरून आणायचे. "पोपटराव, फोडू नगा, साबूत उतरवा!" असं ओरडून ओरडून घसा बसला. पोपट वरून म्हणायचा, "आबा, तुमी खाली पाऊस पाडा, माला माझं काम करू द्या." बघायला आलेली मंडळी पोट धरून हसत होती.

दुपारी पोपट जेवायला खाली उतरला. गिरणीत दळण दळून आल्यासारखा पांढरा. हाताला, भुवयांना, शर्टाला सगळीकडे ती पूड. त्यानं अंगातला शर्ट काढला आणि मंगलकडे दिला. मंगलनं तो खांद्यापाशी दोन्ही हातांनी धरला आणि झटकायला वर उचलला.

मी कानांवर हात ठेवले. आरोळी आली नाही.

वळून पाहिलं तर आबा टाकीपाशी उभे होते. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मग ते चालत आले, अगदी सावकाश, आणि मंगलपुढे हात पसरून म्हणाले, "पोरी, दे त्यो हिकडं."

तिनं घाबरून शर्ट दिला. आबांनी तो जमिनीवर ठेवला, पंपानं चिंब भिजवला आणि मग उचलून टाकीजवळच्या दगडावर नेला. खाली बसून धुवायला लागले.

पोपट ओशाळला. "आबा, तुमी कशाला? ती धुईल की."

"तिनं न्हाय धुवायचं. ज्यानं धूळ अंगावर आणली त्यानं धुवायची. आजच्या दिस मी धुतो. उद्यापासनं तुझी तू."

शर्ट घासता घासता आबा बोलू लागले, आमच्याकडे न बघता.

"आमची अनसूया माझी कारखान्यातली कापडं धुण्याआदी झटकायची. माझी पाळी सुटली की रोज. दारात हुबी ऱ्हाऊन, अशीच, दोनी हातांनी. न झटकता भिजवलं तर चिखूल हुतो म्हणायची. मी ओट्यावर च्या पीत बगायचो. माला लई बरं वाटायचं, मास्तर. बायकू किती नेटकी हाय म्हणून."

त्यांनी शर्ट उलटा केला, कॉलर चोळली.

"छातीच्या दुखण्यानं तिला पुण्याला नेली तवा डाक्टरनं इचारलं, ह्या बाई कारखान्यात कामाला हुत्या का? म्या म्हणलं, छ्या. तिनं कारखान्याचं गेटबी कदी बगितलं न्हाय. मंग त्यांनी माझा फोटू काढला. माझी छाती साफ. त्या साली साफ, फुडच्या साली साफ. दर साली काढतो. साफच हाय." मग बाही चोळत म्हणाले, "अर्ज केला तवा तिला खोकला सुरू झाला हुता. जुना दोर परत द्या म्हणून. पैली सही माझी."

माझे दोन पत्रे बाजूला भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यांच्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाच्या फक्त नकला केल्या होत्या.

पोपट दगडाजवळ येऊन उकिडवा बसला. "आबा, पत्रा साबूत कसा उतरवायचा?"

"आदी भिजीव. मंग बोल्ट काप, ठोकू नगं. दोघांनी धरून दोरानं खाली सोड. म्या हाय खाली."

"व्हय," पोपट म्हणाला.

आबांनी शर्ट दोन पाण्यांतून काढला. पिळला. उठताना गुडघ्यावर हात टेकला आणि मंगलपुढे जाऊन तो ओला पिळा तिच्या हातात दिला. तिला काय करावं ते कळेना. तिनं तो नुसताच धरून ठेवला.

"आता झटक," आबा म्हणाले. "आता काय हुत न्हाय."

मंगलनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, शर्ट खांद्यापाशी धरला आणि दोन्ही हातांनी फाडकन झटकला. सगळं पाणी आबांच्या तोंडावर उडालं. ते तिथेच उभे होते. बाजूला सरकले नाहीत, तोंडही पुसलं नाही.

"आजून एकदा," ते म्हणाले.