विसपुतेकाकांची आंघोळ

आमच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. सकाळी दाराची बेल वाजली, स्वातीनं दार उघडलं. बाहेर एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ. काखेत रेक्झिनची पिशवी, खांद्यावर टॉवेल, पायात स्लीपर.

"कोण हवंय आपल्याला?" स्वातीनं विचारलं.

"बाथरूम," गृहस्थ म्हणाले आणि तिच्या बाजूनं सरळ आत निघून गेले.

स्वाती धावत माझ्याकडे आली. तोवर आतून कडी लागल्याचा आवाज आला होता आणि बादलीत नळ धो धो सुरू झाला होता. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "भावजी, डावीकडचा नळ जोरात पिळू नका, वायसर गेलाय!"

"माहितीये वहिनी!" आतून उत्तर आलं.

हे आमचे विसपुतेकाका. माझे वडील आणि ते अंबरनाथच्या एकाच कारखान्यात. वडील मशिनवर, काका टाइमकीपर. नात्यानं आमचे कोणी नाहीत. पण आमच्या बाथरूमच्या खिडकीची कोणती काच सैल आहे हे मला नव्हे, त्यांना ठाऊक होतं. आता ते इंदूरला लेकीकडे असतात. फोनवर तब्येत विचारली की म्हणतात, "तब्येत बरी आहे रे, पण इथं सगळ्यांकडे पाणी आहे." ही तक्रार असते.

काका राहायचे अंबरनाथ पूर्वेला, पार टोकाला, चढावरच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. तिथं पाणी कधी पोचलंच नाही. म्हणजे यायचं, पण तळमजल्यावर घुटमळायचं. "पाण्याचे गुडघे धरलेत, त्याला जिना चढवत नाही," काका म्हणायचे. पंप लावावा तर लाइट नाही, लाइट असावी तर पाण्याचा वार नाही, दोन्ही असावं तर पंपवाला गावाला. पिण्यापुरतं ते खालून कळशीनं वर न्यायचे. पण आंघोळीच्या बाबतीत तडजोड नव्हती. "माणसानं अर्धं जेवावं, पण अर्धी आंघोळ करू नये," असं त्यांचं मत. मग ते पिशवी काखेत मारून निघायचे.

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठल्या वारी कुठल्या घरी पाणी असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. मंगळवारी उल्हासनगरात लछूभाईंकडे. लछूभाईंचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं आणि वर घर. काका दुकानातून शिरले की गल्ल्यावरूनच लछूभाई हाक मारायचे, "आओ साईं! पण जरा थांबो, घरवाली लादी पुसते आहे." मग काका गिऱ्हाइकांमध्ये टॉवेल सावरत बसायचे आणि त्यांना पडदे कोणते चांगले ते सांगायचे. गुरुवार चामटोलीचा. तिथं खात्यातल्या एका जुन्या हेल्परच्या वाडीत विहीर होती. आणि आम्ही कुळगावला, आम्ही शुक्रवारचे.

फुकट आंघोळ मात्र ते कधी करत नसत. "साबण आपला, पाणी तुमचं," असा त्यांचा नियम. साबणाची डबी, दगड, ॲल्युमिनियमचा तांब्या, सगळं पिशवीत. लोकांकडचे प्लॅस्टिकचे मग त्यांना चालत नसत. आंघोळ झाल्यावर ते बाथरूम स्वतः खराट्यानं धुवायचे आणि बाहेर येऊन अभिप्राय द्यायचे. "आज पाणी जरा जड होतं." "आज छान. नुसतं अंगावरून घरंगळत होतं." एकदा टँकरचं पाणी होतं तेव्हा त्यांनी चेहरा पाडून माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस जाधव, पण या पाण्यानं आज सायकल धू."

एकदा उल्हासनगरात एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. हॉल मोठा, पाण्याची चंगळ. अक्षता वाटून झाल्या तरी नवरदेव बाहेर येईना. मामा घड्याळ बघतायत, गुरुजी घसा खाकरतायत. मी वरपक्षाच्या खोलीकडे गेलो तर नवरदेव टॉवेल गुंडाळून, हळदीनं पिवळा होऊन, बाथरूमच्या दारापाशी हात जोडून उभा.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही हो. कोणीतरी आतून नावं घेतंय."

मी कान दिला आणि ओळखलं. "काका, मुहूर्त टळतोय! नवरदेव खोळंबलाय!"

"त्याला म्हणावं, लग्न काय, आयुष्यभर पुरतंय," आतून आवाज आला. "असं पाणी परत मिळणार नाही. डोक्याला साबण लावलाय, दोन मिनिटं."

ती नावं घेणं हा आणखी एक प्रकार. बाथरूममध्ये लोक गाणी म्हणतात, काका हजेरी घ्यायचे. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, पण अंगावर पहिला तांब्या पडला की फर्स्ट शिफ्टची हजेरी सुरू. "गायकवाड एस. बी.!" मग तांब्या. मग बारीक आवाजात, "हजर!" नाव जाड आवाजात, उत्तर प्रत्येकाच्या वेगळ्या आवाजात. गायकवाड नाकात बोलायचा, एक पिल्ले होता तो "येस्सार" म्हणायचा. "जाधव आर. के.!" आलं की बाहेर पेपर वाचत बसलेले माझे वडील पान न उलटता म्हणायचे, "हजर!" दोघांना त्यात काय मजा वाटायची कोण जाणे, पण एकही शुक्रवार चुकला नाही.

वडील गेले त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी काका आले. आम्हाला वाटलं, आज हजेरी होणार नाही. पण पाणी सुरू झालं आणि आतून गायकवाड आला, पिल्ले आला. मग "जाधव आर. के.!" आणि शांतता. नुसता नळ वाहत होता. स्वयंपाकघरात कणीक मळणारी आई तशीच थांबली. मग आतून वडिलांच्या आवाजात, अगदी त्यांच्याच सुरात, "हजर!" आईनं डोळ्यांना पदर लावला आणि थोडी हसली. म्हणाली, "यांचा घोगरा आवाज बरोब्बर काढला भावजींनी."

शैलाकाकी होत्या तोवर बऱ्याचदा दोघं जोडीनं यायची. काकींच्या हातात धुण्याची पिशवी. काका आत गेले की काकी आईबरोबर भाजी निवडायला बसायच्या आणि मधून मधून बाथरूमकडे तोंड करून ओरडायच्या, "अहो, झालं का? पाणी दुसऱ्यांचं आहे!" काका बाहेर आले की काकींच्या हातात चहाचा कप तयार. "केवढा वेळ लावलात," असं म्हणत त्या तो पुढे करायच्या. काका केस नसलेलं डोकं पुसत चहा प्यायचे. त्या दोघांकडे बघून आपण कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी आलोय असं वाटायचं.

काकी अचानक गेल्या. ताप आला, अंगावर काढला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. लेक इंदूरहून आली, चला म्हणाली. काका गेले नाहीत. काही महिने दिसले नाहीत. मग एका शुक्रवारी दारात पिशवी घेऊन उभे. पूर्वी आठवड्यातून एकदा यायचे, आता मंगळवारीही येऊ लागले, मग रविवारीही. लछूभाईंनी दुकान मुलाच्या हाती देऊन दुसरीकडे घर घेतलं होतं. चामटोलीच्या वाडीत बिल्डिंग उभी राहिली होती. आंघोळीची घरं कमी होत चालली होती.

"काकांच्या तिकडे पाण्याचे फारच हाल दिसतायत," स्वाती म्हणायची. तीच स्वाती, जिनं पहिल्या दिवशी चोर समजून मला उठवलं होतं. आता ती त्यांच्यासाठी गीझर आधीच लावून ठेवायची.

मग आमचीच पाळी आली. आमच्या रस्त्याचं काँक्रीटीकरण निघालं आणि जेसीबीनं पाण्याची मोठी लाइन फोडली. आधी रस्त्यात कारंजं उडालं, मुलं नाचली, आणि मग नळ कोरडे. आज दुरुस्त होईल, उद्या होईल. टँकर आला की जिन्यात भांडणं. आईला गुडघ्यांमुळे खाली उतरता येईना. आमची ईशा कॉलेजला जाताना केस बांधून, नाक मुरडून जाऊ लागली.

शुक्रवार जवळ आला तेव्हा स्वाती म्हणाली, "अरे, काकांना कळव. एवढ्या लांबून येतील आणि इथं ठणठणाट."

फोन लागेना. माझं ऑफिस अंबरनाथलाच, म्हणून येताना संध्याकाळी त्यांच्याकडे वाकडी वाट करून गेलो. बिल्डिंगच्या दारात एक बाई पाइप लावून स्कूटर धूत होत्या. पाणी गेटबाहेर ओहोळासारखं वाहत होतं. आमच्या घरी कोरड्या बादल्या बघून आलेलो मी, मला राहवेना.

"आज पाणी आलंय वाटतं?"

"आज कसलं, रोजच येतं," त्या म्हणाल्या. "वर टेकडीवर नवीन टाकी झाली ना, तेव्हापासून मजाच आहे. पार गच्चीपर्यंत चढतं."

मी जिना चढून वर गेलो. काका दारातच भेटले. मला बघून आधी आनंदले, मग गडबडले. घर स्वच्छ होतं, फारच स्वच्छ. हॉलमध्ये एकच खुर्ची, खिडकीला लावलेली.

"हात धुतो जरा," मी म्हणालो.

"अरे थांब, पाणी..." काका घाईनं मागे आले. पण मी नळ फिरवला होता. धार अशी जोरात आली की माझा शर्ट भिजला. मी नळ बंद केला. आम्ही दोघं त्या बाथरूमच्या दारात उभे. कोपऱ्यात बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या.

"येतं आता," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. गणपतीच्या आधीपासून."

ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"इथं पण करून बघितली रे आंघोळ," ते म्हणाले. "पाणी चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. आंघोळ केली, बाहेर आलो. पंखा चालू होता. बाकी घर तसंच. कोणाला कळलंच नाही मी आत होतो की बाहेर. मग पुढे काय करायचं तेच सुचेना. टॉवेल घेऊन तसाच बसून राहिलो दुपारपर्यंत."

मग म्हणाले, "स्वातीला सांगू नकोस. बिचारी गीझर लावून ठेवते."

"सांगावं लागेल काका," मी म्हणालो. "आमच्याकडे पाणी नाहीये. लाइन फुटलीय. आई धड आंघोळ न करता बसलीय, ईशा रोज चिडचिड करते. आम्हालाच कुठंतरी जायला हवंय."

काका माझ्याकडे बघत राहिले. गोष्ट डोक्यात उतरायला त्यांना थोडा वेळ लागला.

"सगळे?"

"सगळे."

"वहिनी पण?"

"आईला रिक्षानं आणीन."

"अरे मग उभा काय राहिलास! फोन लाव घरी! आणि वहिनींना जिना... थांब, मी खालच्या पोराला... नको, आपण दोघं धरू." ते बाथरूममध्ये गेले, बादल्या सुलट्या केल्या, पुन्हा बाहेर आले. "ईशाला शाम्पू लागत असेल ना? कुठला लागतो? आजकालच्या मुलींना वेगळा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर काका खाली गेटवर. आईला आम्ही दोघांनी एकेक पायरी करत वर नेलं. बादल्या काठोकाठ भरलेल्या, दोरीवर नवे टॉवेल, अजून दुकानाच्या घड्या न मोडलेले. आधी आई गेली. काका बाथरूमच्या दारापासून थोडं लांब, पाठमोरे उभे राहून विचारत होते, "वहिनी, गरम आहे ना पुरेसं? अजून एक बादली काढू का? संकोच करू नका, भरपूर आहे!"

मग ईशा, मग स्वाती, मग मी. मी बाहेर आलो तर काका घरात नव्हते. जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. प्रत्येक मजल्यावर एकेक दार वाजवत ते सांगत होते, "खुर्ची आहे का हो जास्तीची? आमच्याकडे पाहुणे आलेत. कुळगावहून. सगळं कुटुंब आलंय."

खालच्या मजल्यावरच्या, काल स्कूटर धुणाऱ्या बाई स्वतः एक खुर्ची घेऊन वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि हळूच स्वातीला म्हणाल्या, "बरं झालं आलात. काकी गेल्यापासून या दारात चपला बघितल्या नव्हत्या."

पाहुणे चार, खुर्च्या सात जमल्या. काकांनी त्या सगळ्या गॅलरीत उन्हाला मांडल्या. आई केस मोकळे सोडून बसली, ईशा तिच्या पायाशी. काका पोहे घेऊन आले, चहा घेऊन आले, पुन्हा पोहे घेऊन आले.

ऊन बऱ्यापैकी वर आल्यावर स्वाती म्हणाली, "निघू या का आता?"

"इतक्यात?" काका म्हणाले. "ओल्या केसांनी बाहेर पडू नये. सर्दी होते."

ईशाचे केस केव्हाच वाळून भुरभुरत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आजीच्या पायाशी टेकून बसली.

आई हाताचा आधार घेत उठली. ओचा खोचून स्वयंपाकघराकडे निघाली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "भावजी, तांदळाचा डबा कुठला?"