पानवलकरांचं घर आणि पाण्याची टाकी

नगरपालिकेनं गावातली सगळी माहिती वेबवर चढवून दुव्यांनी, म्हणजे लिंकांनी, एकमेकांशी जोडल्यापासून आमच्याकडे जो तो आपापल्या दुव्यानंच घरी पोचतो, आणि माझ्या घराचा दुवा जुन्या पाण्याच्या टाकीला जोडला गेला होता.

कोथिंबीर घेऊन आमच्या गल्लीत वळलो, तो थेट टाकीखाली. पुन्हा गेलो, पुन्हा टाकी. रिक्षा केली, तर रिक्षावाला म्हणतो, "उतरा काका, आलं तुमचं घर." कपाळ माझं!

बायकोला फोन लावला. कुमुद घरातच होती.

"अहो, आमटी उकळतेय. कुठं राहिलात?"

"येतोय गं, पण पोचत नाहीये. तू उंबरा ओलांडू नकोस. बाहेर पडलीस तर तुलाही परत जाता यायचं नाही."

"म्हणजे मी इथं एकटी?"

एकटीला तिला झोप लागत नाही. माझा जीव नुसता खालीवर व्हायला लागला. तडक पालिकेत गेलो. तिथल्या गुंजाळबाईंनी संगणकात डोकावून सांगितलं, "दुवा चालू आहे. तुटला असता तर जोडून दिला असता."

"अहो बाई, तो चुकीच्या जागी जातोय!"

"जागा चूक की बरोबर, ते आमच्याकडे नसतं. काय कशाला जोडलंय, एवढंच असतं. आणि प्रसिद्ध केलेला दुवा बदलता येत नाही. तुमचं रेशन, मतदार यादी, सगळं त्यावर लटकलंय."

"आणि माझी बायको?"

"तक्रार घेतली. उद्या पाहणीला येते. टाकीपाशीच थांबा."

मी टाकीखाली येरझाऱ्या घालत राहिलो. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पळावंसं. तेवढ्यात दूधवाला आला आणि काही न विचारता पिशवी माझ्या हातात देऊन गेला. मग विजेचं बिल आलं. मग कुमुदचा फोन.

"मी निघतेय."

"वेडी आहेस का? घर जाईल!"

"घराला काय चाटायचंय? तुम्ही तिकडं, मी इकडं, हा काय संसार झाला?"

आली. एका पिशवीत देव, माझ्या गोळ्या आणि दह्याचं विरजण. तिला बघून मला रडूच फुटलं. "पुरे आता, लोक बघतायत," म्हणाली, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावला.

सकाळी गुंजाळबाई पाहणीला आल्या. टाकीच्या कट्ट्यावर देव मांडलेले होते, शेजारी विरजण लावलेलं दूध.

"या तुमच्या पत्नी? इथंच राहतात?"

"कालपासून."

"दूध, बिलं इथंच येतात?"

"येतात."

"मग हेच घर. दुवा बरोबरच होता, पानवलकर. उगाच घाई केलीत." त्यांनी तक्रार निकाली काढली आणि वर दही छान लागलंय म्हणाल्या.

तसं आमचं बरं चाललंय. कुमुदला झोपही लागते. फक्त मधेच कधीतरी ती भाजी निवडता निवडता थांबते, माझा हात घट्ट धरते आणि विचारते, "अहो, निघताना मी आमटीखालचा गॅस बंद केला होता का हो?"