बिनचोचीचे पोपट

तारामावशी कुठल्याही बाईच्या तोंडाकडे आधी कधी बघायची नाही. आधी साडीच्या काठाकडे बघायची. काठ पसंत पडला तरच नजर वर चढायची आणि मग "अगं, तू होय?" असं म्हणून ती ओळख दाखवायची. माझ्या सख्ख्या आईला तिने एकदा भर बाजारात ओळखलं नव्हतं, कारण आई नवी साडी नेसली होती.

आम्ही सुरतेत नानपुऱ्यात राहायचो. आमच्या इमारतीत बहुतेक मराठी बिऱ्हाडं होती, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी सरकारी कचेरीत. मावशी कचेरीत टायपिस्ट होती, एकटी राहायची आणि नात्याने कुणाचीच मावशी नव्हती. तिचं लहानपण एका जरीच्या कारखान्याच्या माडीवर गेलेलं. खाली चांदीची तार ओढली जायची आणि वर ही पाढे पाठ करायची. त्यामुळे जरी हा विषय तिच्या अंगातच मुरला होता. काठावर नखाची एक ओढ घेतली, की ती खरी जरी आहे की तांब्याच्या तारेवर चढवलेला मुलामा, हे तिला कळायचं. खरी असेल तर मावशी म्हणायची, "जिवंत आहे." खोटी असेल तर काठाबद्दल म्हणायची, "मेलाय हो." हे ती हळदीकुंकवात म्हणायची, बारशात म्हणायची, आणि एकदा तर लग्नात खुद्द नवरीच्या पदराला हात लावून म्हणाली होती. त्या लग्नात मावशीला जेवायला पंगतीच्या अगदी टोकाला बसवलं होतं म्हणतात.

आता या जरीचा आणि शिक्षणाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मावशीला मात्र तो सरळ दिसत होता. शहराच्या टोकाला, उधन्याच्या बाजूला खानदेशातून आलेल्या लोकांची वस्ती होती. बाप कापडाच्या मागावर, आई बॉबिनं भरायला, आणि पोरं दिवसभर उन्हात. त्यांना म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत घालायचं तर पाटी हवी, पुस्तकं हवीत, गणवेश हवा. मावशीने आमच्या इमारतीतली आठवी ते अकरावीतली सगळी मुलं गोळा केली आणि रविवारी सकाळी आम्हाला त्या वस्तीत शिकवायला न्यायला सुरुवात केली. आम्हाला कुणी विचारलं वगैरे नव्हतं. "रविवारी घरी बसून काय लोणचं घालायचंय?" एवढंच ती म्हणाली होती. लोणचं घालणं हा तिच्या लेखी जगातला सगळ्यात निरुपयोगी उद्योग असावा, कारण वापरात नसलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तिचा हाच प्रश्न असायचा.

पैशाचा प्रश्न आला तेव्हा तिने वर्गणीचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "पैसे मागितले की लोक महागाईवर बोलतात. आपण जुने काठ मागायचे." प्रत्येक घरात ट्रंकेच्या तळाशी आईची, सासूची विरलेली पातळं पडलेली असतात. कापड गेलेलं, पण काठातली चांदी शाबूत. सुरतेत असे काठ जाळून चांदी काढणारे पुष्कळ होते. काठ जाळायचे, राख मुशीत घालून भट्टीत तापवायची, की खाली चांदीचा मणी उरतो. तो विकायचा आणि पाट्या आणायच्या.

मग काय, दुपारी आमची वरात निघायची. पुढे मावशी, हातात कात्री, मागे पिशव्या घेऊन आम्ही. मावशीला एकच शत्रू होता, जुन्या जरीवर स्टीलची भांडी देणारा फेरीवाला. "जूनी जरीऽ" अशी त्याची हाक लांबून ऐकू आली की मावशी चपला हातात घेऊन जिने चढायची. आमच्या बायकांना पोरांच्या शिक्षणाचं मोल नव्हतं असं नाही, पण झाकणाचा स्टीलचा डबा समोर दिसला की भल्याभल्यांचं मन डळमळतं. अशा वेळी मावशी उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "डब्यात ठेवाल काय? पोहेच ना? पोहे पितळेच्या डब्यात सडतात का?" फेरीवाला पुढे पुढे तिला बघूनच गल्ली बदलायला लागला.

पण तिच्या खरेपणाचा जाच फेरीवाल्यापेक्षा आम्हालाच जास्त झाला. वरच्या मजल्यावर साठेवहिनी राहायच्या. यजमान इंजिनियर, घरात रेडिओग्राम, आणि वहिनींच्या बोलण्यात बनारसचा एक शालू, जो सासूबाईंनी म्हणे कुणा संस्थानिकाच्या घरून मिळवला होता. तो विरला तेव्हा चार बायकांना चहाला बोलावून, सगळ्यांसमक्ष त्यांनी त्याचा काठ मावशीच्या हाती दिला. मावशीने नख ओढलं आणि म्हणाली, "वहिनी, मेलाय हो हा."

चहा गार झाला. वहिनी म्हणाल्या, जाळायला नेताना वाटेत काय अदलाबदल होते कोण जाणे. त्या दिवसापासून मावशीने नियम केला की प्रत्येक घरचा काठ वेगळा जळेल आणि ज्या बाईला बघायचं असेल तिने भट्टीवर यावं. वहिनी आल्यासुद्धा. काठ जाळणाऱ्या मगनभाईंच्या भट्टीवर, धुरात डोळे चोळत उभ्या राहिल्या आणि मुशीतून निघालेला लालसर गोळा बघून तडक टांग्यात बसल्या. नंतर कितीतरी दिवस मावशीला त्यांच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं.

आईने मावशीला समजावलं की राहू दिला असता तिचा भ्रम, काय बिघडत होतं. मावशी म्हणाली, "आणि पोरांना काय शिकवू मग? खोटं बोलून पाटी आणली म्हणून?" आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

साठेवहिनींकडे मात्र एक उत्तर होतं, आणि ते त्यांनी जिन्यात गाठून ऐकवलं. लोकांच्या ट्रंका उचकटतेस, तुझ्या ट्रंकेतला शालू का नाही निघत बाहेर? एरवी प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर देणारी मावशी त्या दिवशी जिन्यातूनच वळली. नळाला पाणी आलंय म्हणून आत निघून गेली. मी आईला विचारलं तेव्हा कळलं, की मावशीच्या आईने तिच्या लग्नासाठी एक डाळिंबी शालू घेऊन ठेवला होता. मग वडील गेले, धाकट्या भावांची शिक्षणं मावशीच्या टायपिंगवर झाली आणि लग्न राहून गेलं. भाऊ मुंबईला स्थायिक झाले. शालूची घडी तशीच राहिली. ट्रंकेत ठेवून लोणचं घालायचंय का, असं जगाला विचारणाऱ्या बाईने ही एक वस्तू जपून ठेवली होती, आणि आम्हा मुलांना तेव्हा त्याचं हसूच आलं होतं.

वस्तीतली सखूबाई आली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. तिची मुलगी कमल आमच्या रविवारच्या वर्गात होती, गणितात पुढे आणि कविता म्हणताना वाक्यागणिक शिंकणारी. जूनमध्ये शाळेत घालायच्या मुलांत तिचं नाव होतं. वर्ग सुटल्यावर सखूबाई, वर्ग भरायचा त्या कडुनिंबाखाली, मावशीसमोर येऊन उभी राहिली आणि वर्तमानपत्राची पुडी पुढे केली. आत काठ होता. तिच्या लग्नातल्या पातळाचा, तिने स्वतः ब्लेडने कापलेला.

"मनी पोर तुमना आठे शिकस," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, माझी पोर तुमच्याकडे शिकते. "मंग मनं बी काही राहू द्या."

मग घुटमळत तिने बाकीचं सांगितलं. तिच्या बापाने बकरी विकून ते पातळ आणलं होतं. जरी खरी आहे असं दुकानदाराने त्याला सांगितलं, त्याने लेकीला सांगितलं. सासरी मात्र पहिल्या दिवसापासून टोमणा होता, की तुझ्या बापाने तांबं देऊन फसवलं. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, टोमणा अजून चालू होता. आमचा नियम तिला कमलकडून कळला होता. प्रत्येकीचा काठ वेगळा जळतो, आणि खरं-खोटं डोळ्यांनी दिसतं. "मी बी यीसू देखाले," ती म्हणाली, मीही बघायला येईन म्हणून.

आम्ही मुलं एव्हाना काठ बघून बघून तयार झालो होतो. पुडी उघडताच आम्हाला कळलं. हिरव्या पट्टीवर पोपटांची रांग होती, आणि विणणाऱ्याचा कुठलातरी धागा चुकल्यामुळे एकाही पोपटाला चोच नव्हती. जरी कडेकडेने तांबूस काळी पडली होती. नख ओढायचीसुद्धा गरज नव्हती. मी मावशीच्या बोटांकडे बघत राहिले. नख उचललं गेलं, काठाजवळ आलं आणि तसंच मागे गेलं. मावशीने काठ दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "जिवंत आहे."

परत येताना ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. नेहमीसारखे खारे दाणेही घेतले नाहीत. मला वाटलं, मावशीची नजर अधू झाली. भट्टीवर या बाईचं आणि मावशीचं काय होणार, याच विचारात माझा आठवडा गेला.

पुढच्या रविवारी सखूबाई कमलला घेऊन मगनभाईंकडे आली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. मावशीने पिशवीतून तिचा काठ काढला, तो फडक्यात घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधलेला होता. असं ती कधी करत नसे. राख फार उडते, म्हणून या वेळी फडक्यासकट जाळायचं, असं तिने मगनभाईंना बजावलं. गाठोडं जळलं. राख मुशीत गेली, वर चांदी गाळायचा टंकणखार पडला, भाता चालू झाला. सखूबाई हात जोडून उभी होती, देवळात उभं राहावं तशी. मावशी भिंतीकडे बघत होती.

मगनभाईंनी मूस उलटी केली आणि खाली पांढराशुभ्र मणी पडला. त्यांनी तो पाण्यात टाकला, काढून घासला, उजेडाला धरला. "साचो माल छे, बेन," असं म्हणून त्यांनी तो सखूबाईच्या तळहातावर ठेवला.

सखूबाईने मूठ मिटली. कमलकडे वळून ती म्हणाली, "देख, मना बाप खोटा नई व्हता." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग तिने मूठ उघडली आणि मणी मावशीच्या हातात दिला. "पोरेसले," म्हणाली. पोरांसाठी. जाताना तिची मान ताठ होती.

मी घरी येऊन आईला सांगितलं, की आम्हाला सगळ्यांना मेलेला दिसलेला काठ मावशीने नुसता बघून जिवंत ओळखला, नखसुद्धा लावलं नाही. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा आम्ही मावशीच्या पारखीचा कळस म्हणून सांगत होतो. साठेवहिनींनासुद्धा मुद्दाम ऐकवला. मावशी जवळ असली तर विषय बदलायची, पाढे विचारायला लागायची. जूनमध्ये कमल निळ्या परकरात आणि पांढऱ्या पोलक्यात शाळेत गेली, आणि तिच्याबरोबर वस्तीतली बाकीचीही.

वर्षं गेली. आमच्यातली मुलं नोकऱ्यांना लागली, वर्ग आमच्या धाकट्यांकडे गेला, आणि कमल आता त्याच कडुनिंबाखाली लहान मुलांना बेरजा शिकवायची. माझं लग्न ठरलं. कार्यालय सुरतेतच होतं. बायकांच्या घोळक्यात एकदम कुजबूज झाली म्हणून मी मुंडावळ्या सावरत वर बघितलं, तर दारातून तारामावशी येत होती, डाळिंबी शालू नेसून. घड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. साठेवहिनी शेजारणीच्या कानात म्हणाल्या, पण मला ऐकू येईल इतक्या जोरात, "बघितलंस? हिचा स्वतःचाच काठ मेलाय."

काठ खरंच मेलेला होता. काळा पडलेला, शालूच्या रेशमावर हाताने टाचलेला, रुंदीला अपुरा. हिरव्या पट्टीवर पोपटांची रांग होती, आणि एकाही पोपटाला चोच नव्हती.

त्या फडक्यात काय जळलं, ते मला लग्नाच्या बोहल्यावर कळलं. शालूचा जो अस्सल काठ मावशीने एवढी वर्षं घडी न मोडता ठेवला होता, तो तिने सखूबाईच्या बापासाठी भट्टीत घातला होता. जन्मात एक खोटं बोलली आणि त्याची किंमत स्वतःच्या ट्रंकेतून भरली. आणि हा दुसरा, तांब्याचा, तिने फेकला नाही. मला एकदम इतकं भरून आलं, की करवलीला वाटलं मी माहेर सुटणार म्हणून रडतेय.

मावशी अक्षता टाकायला जवळ आली. माझी नजर काठावर खिळलेली तिला दिसली. तिने पदर पुढे ओढून घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, सोडून दिला.

"मावशी," मी म्हटलं, "आज नेसलीस?"

"तुझ्या लग्नात नाही तर कधी नेसू?" ती म्हणाली. "ट्रंकेत ठेवून काय लोणचं घालायचंय?"

मी वाकले, आणि नमस्कार करताना पायांच्या आधी त्या काठाला हात लावला. तो खरखरीत होता. मावशी वरून हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "जिवंत आहे."