ग्रीक कवीचा डावा डोळा

"पुतळ्याचं डोळं रंगवून झालं, मास्तर," पेणहून पोपट फोनवर सांगत होता. पोपट म्हणजे वाचनालयाचा शिपाई. "झ्याक झालेत. कुठंबी उभं ऱ्हावा, म्हातारा आपल्याकडंच बघतोय."

फोन शेजारच्यांचा होता, म्हणून दिनानाथ मास्तरांनी तो हळूच खाली ठेवला. घरी येऊन मात्र पाण्याचा तांब्या असा आदळला, की पत्नी सगुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय झालं?"

"त्याला डोळे रंगवून ठेवलेत. आंधळ्याला!"

मास्तर रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. उभ्या जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता; वर्गातली पोरंसुद्धा त्यांना "सर, रागवा की" म्हणायची. त्यांचा सगळा जीव एका प्राचीन ग्रीक युद्धकाव्यात अडकला होता. ग्रीक त्यांना येत नव्हतं, इंग्रजी भाषांतरांवर भागवावं लागे, आणि ही गोष्ट त्यांना काट्यासारखी सलत असे. तरी एका बाबतीत त्यांना खात्री होती. ते काव्य रचणारा कवी आंधळा होता. लोक तसं सांगतात म्हणून नव्हे. काव्यातच तसा पुरावा होता. पहाट दर वेळी त्याच ठरावीक शब्दांत उगवते. समुद्राचा रंग तर म्हणे दारूसारखा. आवाज मात्र एकही चुकलेला नाही. हे कानांनी रचलेलं काव्य आहे, असं मास्तर म्हणत.

आणि पेणचे हैबतराव वकील म्हणत, की हे साफ खोटं आहे. हैबतराव वाचनालयाचे अध्यक्ष. ग्रीक त्यांनाही येत नव्हतं, पण ते त्यांना सलत नव्हतं. "भाला कुठून घुसला आणि कुठून निघाला, हे आंधळ्याला काय ठाऊक? मी त्याला साक्षीला उभा करीन," असं ते दरवर्षी वाचनालयाच्या वार्षिकांकात लिहीत. मास्तर दरवर्षी उत्तर लिहीत, पण ते पाठवायचं धाडस झालं तरच छापलं जाई.

यंदा वाचनालयाच्या अभ्यासिकेत त्या कवीचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं. डोळे उघडे की मिटलेले, यावर कार्यकारिणीत मतदान झालं. हैबतराव नेमके पुतणीच्या लग्नाला गेले होते, म्हणून मिटलेले जिंकले. पुतळ्याशेजारी उभं राहून 'अंध महाकवी' या विषयावर बोलायचं काम मास्तरांकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं चार लोकांसमोर खरं ठरणार होतं. आणि कार्यक्रम उद्यावर आला असताना ही बातमी.

"हे हैबतरावाचं कारस्थान आहे," असं म्हणत मास्तरांनी पेणची एसटी धरली.

पेणजवळच्या हमरापूरला मूर्तिकार हिरामणच्या कारखान्यात गणपतींची रांग लागली होती. त्या रांगेच्या टोकाला दाढीवाला ग्रीक कवी बसला होता. साच्यात पापण्या मिटलेल्याच होत्या, तशीच ऑर्डर होती. पण त्या मिटलेल्या पापण्यांवर कोणीतरी टपोरे, पाणीदार, कृपाळू डोळे रंगवले होते.

"हैबतराव आले होते ना इथे?" मास्तरांनी विचारलं.

"कोन हैबतराव?" हिरामण म्हणाला. "डोळं आमची आय लिवते. समद्या मूर्तींचं तीच लिवते."

गोदूबाई आतून हात पुशीत आल्या. "मीच लिवलं. सगळ्या मूर्ती झाल्या नि ह्यो एकटाच ऱ्हायला. पोरं इसरली आसतील म्हटलं."

"विसरली नाहीत. तो आंधळा होता, बाई."

"मंग बरं झालं की. म्हाताऱ्याला दिसाया लागलं."

"ते डोळे पुसा," मास्तर म्हणाले. आवाज चिरका निघाला.

"डोळं उघाडल्यावर पुसायचं नाय," गोदूबाई शांतपणे म्हणाल्या. "मूर्ती भंगली तर खाडीत सोडायची, पन पुसायची नाय. सासूनं शिकवलंय."

"हा देव नाही!"

"दाढी तर हाय."

हिरामणला मास्तरांची दया आली. त्याने काळा चष्मा सुचवला आणि स्वतःचाच काढून पुतळ्याला लावून पाहिला. कवी निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसू लागला. मग पट्टी सुचवली. ती बांधल्यावर तो मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्यासारखा दिसला. मास्तरांच्या कानशिलांत घण पडत होते, पण तोंडातून एवढंच बाहेर आलं, "बघतो जरा."

हिरामण टेम्पो बोलवायला गेला आणि गोदूबाई जेवायला बसल्या. कारखान्यात मास्तर, गणपती आणि ते कृपाळू डोळे एवढेच उरले. मास्तर डावीकडे सरकले तर डोळे डावीकडे. उजवीकडे सरकले तर डोळे उजवीकडे. त्यांना त्या नजरेत हैबतराव दिसू लागले. मास्तरांनी ब्रश उचलला, अंगाच्या रंगात बुडवला आणि डाव्या डोळ्यावर फासला. वर काळ्या रंगाने पापणीची रेघ ओढली, ती तिरपी गेली.

उजव्या डोळ्याला ब्रश टेकवणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

ब्रश खाली पडला. गोदूबाईंनी पुतळ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि उष्ट्या हाताने पुतळ्यावर फडकं टाकलं.

"दुसराही मिटू द्या," मास्तर काकुळतीला आले. "नाहीतर हा तरी उघडा. काहीतरी एक करा."

"दुसऱ्यानं हात लावला, आता माजा हात लागायचा नाय. नि तुमचाबी नाय." आणि हिरामण परत येऊन टेम्पोत पुतळा चढवेपर्यंत गोदूबाई त्या फडक्यापाशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालय भरलं होतं. हैबतरावांनी अध्यक्ष या नात्याने पडदा ओढला. ग्रीसचा महाकवी अख्ख्या पेणला डोळा मारीत होता.

आधी एक बाई हसली, मग पुढची रांग. हैबतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "अर्धं सत्य पुतळ्यालासुद्धा मान्य आहे," आणि मास्तरांना बोलायची खूण केली.

मास्तरांनी कागद काढला. "हा कवी डोळ्यांनी नव्हे, कानांनी..." हशा. "त्याच्या अंधत्वाला आपण..." पुन्हा हशा. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तो तुमालाच खुनावतोय."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. पोरांवर काढायचा राहिलेला, न पाठवलेल्या उत्तरांचा, त्या दोन डोळ्यांचा. त्यांनी कागद चुरगाळून टाकला.

"हसताय कोणाला?" ते ओरडले. "अरे, ते काव्यच रागाचं आहे! एक माणूस रागावतो आणि त्याच्या रागापायी हजार माणसं मरतात. आणि कवी एकेकाचं मरण सांगतो. भाला दातांतून जाऊन जिभेच्या मुळाशी कसा अडकला ते सांगतो. धुळीत पडलेल्याची बोटं माती कशी ओरबाडतात ते सांगतो. बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून तान्हं पोर घाबरतं, आणि बाप हसून ते शिरस्त्राण खाली ठेवतो. ऐन लढाईत! हे ऐकीव आहे? हे कोणी कानांनी रचेल? हे बघितलंय त्याने! स्वतःच्या या दोन डोळ्यांनी बघितलंय!"

आणि मास्तर थांबले. आपण काय बोललो, ते आधी सभागृहाला कळलं आणि मग त्यांना.

टाळ्या पडल्या. पोपट तर खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवीत होता. हैबतराव मात्र लालबुंद झाले होते. त्यांचा मुद्दा, इतकी वर्षं त्यांनी एकट्याने लढवलेला मुद्दा, मास्तरांनी त्यांच्या डोळ्यांदेखत पळवला होता आणि वर त्यांच्यापेक्षा चांगला मांडला होता. ते ताडकन उठले.

"हरकत आहे," ते म्हणाले. "समुद्राचा रंग दारूसारखा म्हणणारा डोळस कसा असेल? पहाट दर वेळी त्याच शब्दांत का? वक्त्यांनी मूळ प्रश्नच समजून घेतलेला नाही. कवी आंधळाच होता. माझं हे म्हणणं इतिवृत्तात घ्या."

"अहो, समुद्राचा तो रंग मावळतीला असतो!" मास्तर गरजले. "कधी बघितलाय का मावळतीला?"

"आवाज खाली!"

"नाही करणार!"

शेवटी पोपटने चहा आणला, म्हणून सभा संपली.

मास्तर रोह्याला पोचले तेव्हा चेहरा अजून तापलेला होता. सगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात न देता जपून बाजूला ठेवला.

"लोक हसले का हो?"

"हसले. मग टाळ्या वाजवल्या."

"आणि वकीलसाहेब?"

"त्यांना माझं म्हणणं पटलं. कवी आंधळा होता, असं भर सभेत मान्य केलं."

सगुणाबाईंना भरून आलं. "मग एवढी वर्षं याचसाठी जीव टाकलात ना? आता तरी रागावू नका."

"रागावू नको तर काय करू," मास्तर म्हणाले. "शुद्ध मूर्खपणा आहे तो."