भामाबाईची शेळी आणि चाळीस उद्दिष्टं

नववीच्या वर्गाच्या दारावर संघपाल सरांनी पाटी लावली होती: 'या दाराच्या आत मराठी बंद. एका शब्दाला एक बादली.' पाटी मराठीत होती, कारण इंग्रजीत लावली असती तर ती वाचली कुणी असती? बादली म्हणजे हापशावरून पाणी भरून आणायचं आणि कुंपणालगतच्या कडुलिंबाच्या रोपांना घालायचं. नियम लागू होऊन तीन आठवडे झाले होते. पोरांचं इंग्रजी किती वाढलं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण कडुलिंब मात्र कमरेएवढे झाले होते.

रेणापूर तालुक्यातल्या त्या हायस्कुलात सर आठ वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि मन लावून शिकवत होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण ऑगस्टात विस्तार अधिकारी विरूपाक्ष स्वामी तपासणीला आले. त्यांनी नववीला इंग्रजीत एवढंच विचारलं की तुमच्या गावात काय पिकतं. सोयाबीनच्या राशीवर लोळून मोठी झालेली चाळीस पोरं भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली. साहेबांनी शेरा मारला: इंग्रजीची उद्दिष्टे साध्य नाहीत. सप्टेंबरात पुन्हा येईन, तेव्हाही हेच दिसलं तर दसऱ्याच्या आठवड्यात लातूरला प्रशिक्षणाला बसायचं, असं बजावून ते गेले.

सरांना प्रशिक्षणाची भीती नव्हती, त्या आठवड्याची होती. हिमायतनगरला त्यांची आई, नीलाबाई, तीन वर्षांपासून दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून पांढरं लुगडं घडी घालून बसली होती. पहिल्या वर्षी सरांना निवडणुकीचं काम लागलं, दुसऱ्या वर्षी घरोघरी फिरून माणसं मोजायचं, तिसऱ्या वर्षी आणखी कसलं तरी. यंदा रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती, तरी म्हातारीचा विश्वास बसत नव्हता. परवा ती फोनवर म्हणाली, "औंदा तरी नेतूस का बाबा? का मी एकलीच जाऊ? मला काय वाट ठाव न्हाई व्हय?" सरांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गंमत अशी, की ही गोष्ट साऱ्या वर्गाला तोंडपाठ होती. भविष्यकाळ शिकवताना सर फळ्यावर दरवर्षी एकच वाक्य लिहायचे: 'आय विल टेक माय मदर टू नागपूर.' सहावीपासून ही पोरं ते वाक्य वहीत उतरवत आली होती. वाक्य तेच राहिलं आणि आईही हिमायतनगरातच राहिली.

तर या खेपेला साहेबांना हलायला जागा ठेवायची नाही, असं सरांनी ठरवलं. त्यांनी फाइल तयार केली. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चार कौशल्यांची प्रत्येकी दहा, अशी चाळीस उद्दिष्टं निळ्या शाईनं टपोऱ्या अक्षरात लिहिली. सतरावं होतं, 'विद्यार्थी घडलेला प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगू शकतील.' अठरावं होतं, 'विद्यार्थी मोठ्या व्यक्तीपुढे आपले म्हणणे न घाबरता मांडू शकतील.' प्रत्येकाखाली पुरावा म्हणून पोरांच्या वहीचं एकेक पान चिकटवलं.

आणि चिकटवतानाच घोटाळ्याचं बी पेरलं गेलं. तपासणीच्या दिवशी सकाळी डिंक संपला. सरांनी शाळेची खिचडी शिजवणाऱ्या भामाबाईंना पिठाची खळ करून मागितली. भामाबाईंनी खळ हात सैल सोडून केली, आणि खिचडीच्या सवयीनं त्यात मूठभर मीठही टाकलं. फाइल ओली झाली म्हणून सरांनी ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर, उन्हात, पानं मोकळी करून वाळत ठेवली. शेजारी साहेबांसाठी आणलेला झेंडूचा हार ठेवला. मग वर्गात जाऊन शेवटची उजळणी सुरू केली. भामाबाईंची शेळी रोज खिचडीच्या चुलीजवळ असायची. खारवलेल्या पिठाचा वास तिला सरांपेक्षा लवकर कळला.

बुद्धप्रिया खिडकीशी बसायची. हुशार पोरगी, पण बोलायला लाजाळू. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, गोट."

सर खूश झाले. ही पोरगी आपण होऊन बोलली, हेच मोठं होतं. "व्हेरी गुड," ते म्हणाले, "फुल सेंटेन्स."

बुद्धप्रियानं डोळे मिटले, ओठ हलवले, पण पूर्ण वाक्य काही जुळेना. बाहेर शेळीनं हार संपवून फाइलला तोंड घातलं होतं. ऐकण्याची दहा उद्दिष्टं सगळ्यांत वर होती, ती आधी गेली. मागच्या बाकावरच्या बालाजीला राहवेना. त्यानं उभं राहून दोन्ही गाल हलवत चघळून दाखवलं. सरांना वाटलं, पोरगं सुपारी खाऊन आलंय. त्यांनी डोळे वटारले तसा बालाजीचा धीर सुटला. "अवो सर, शेळी," तो म्हणाला.

मराठी दोन शब्द, दोन बादल्या. शिक्षा तिथल्या तिथं भोगायची असा नियम होता, म्हणून बालाजीला बाहेर पिटाळलं. सर पुन्हा बुद्धप्रियाकडे वळून प्रेमानं, इंग्रजीतच, म्हणाले, घाई नको, विचार कर, सावकाश सांग. घाई फक्त शेळीला होती.

बालाजी खरं तर शहाणा. पहिली बादली भरून आणताना त्यानं फाइल वाचवायचं मनावर घेतलं. त्यानं एका हातानं पुठ्ठा धरला, शेळीनं दातांनी पानं धरली, आणि ओढाओढीत दुसऱ्या हातातली बादली उरलेल्या उद्दिष्टांवर उपडी झाली. निळ्या शाईचे ओघळ कट्ट्यावरून खाली आले. अगदी त्याच वेळी फाटकातून साहेबांची जीप आत शिरली. साहेबांनी खाली उतरून पोराकडे, शेळीकडे आणि शेळीच्या तोंडातल्या कागदाकडे नीट पाहिलं, आणि काही न विचारता ते वर्गाकडे चालू लागले.

दारावरची पाटी त्यांनी दोनदा वाचली. बोलायला उघडलेलं तोंड मिटलं, घसा खाकरला आणि आत येऊन विचारलं, "व्हेअर इज फाइल?"

सरांनी खिडकीतून कट्ट्याकडे बघितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. लातूरचं प्रशिक्षण, रद्द झालेली तिकिटं आणि घडी न मोडलेलं लुगडं हे सगळं त्यांना एकदमच दिसलं. इंग्रजी राहू द्या, त्यांना मराठीही सुचेना.

तेवढ्यात बुद्धप्रिया उभी राहिली. लाजायला आता वेळच उरला नव्हता. "सर, भामाबाई गोट ईट फाइल," ती म्हणाली. "आय टेल सर. सर से, फुल सेंटेन्स. आय थिंक, थिंक." एवढ्यावर तिचे शब्द संपले. तिनं खिडकीकडे हात केला. "गोट नो वेट."

साहेबांच्या मिशा थरथरल्या आणि मग ते खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले. हसून झाल्यावर रुमालानं डोळे पुसत त्यांनी बालाजीला आत बोलावलं आणि फर्मावलं, "माझ्या नावावर बादल्या लिही रे. मी आता मराठीत बोलायलोय." बालाजी खडू घेऊन फळ्याशी उभा राहिला आणि साहेबांच्या प्रत्येक शब्दाला एकेक रेघ ओढू लागला.

साहेब म्हणाले, या महिन्यात त्यांनी एकतीस फायली वाचल्या. साऱ्यांत तीच चाळीस उद्दिष्टं, त्याच क्रमानं, त्याच चुकांसकट. पण साहेबांना ठाऊक नसलेली गोष्ट इंग्रजीत सांगणारं लेकरू त्यांना आजच भेटलं. सतरावं उद्दिष्ट साध्य झालं, आणि ते शेळीनं खाल्लं तरी हरकत नाही. सरांचा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात टेकतो न टेकतो तोच साहेब पुढं म्हणाले, "दसऱ्याच्या आठवड्यात लातूरला तुम्ही यायचंच, सर. बसायला न्हाई, शिकवायला. तुमचं हे बादलीचं समद्या मास्तरांना कळू द्या."

आता झाली का पंचाईत? नापास झाले असते तर लातूर, पास झाले तरी लातूरच. साहेबांपुढं नाही म्हणायची सरांना सवय नव्हती. तीन वर्षं म्हातारी घरात बसून राहिली ती याच सवयीपायी. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान मात्र होकारार्थी हलली. "येस सर," ते म्हणाले.

"नो सर," बुद्धप्रिया म्हणाली.

साहेबांनी वळून पाहिलं. पोरगी खाली बसली नाही. "आय विल टेक माय मदर टू नागपूर," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, ही आपल्या आईला घेऊन नागपूरला चाललीय. ते म्हणाले, जा की बाळ, तुला कोण अडवतंय. बुद्धप्रियानं जोरात मान हलवली, सरांकडे बोट केलं आणि अडखळत का होईना, वाक्य स्वतःच फिरवून घेतलं. "सर विल टेक हिज मदर टू नागपूर. थ्री इयर सर टेल. थ्री इयर नो गो."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. फळ्यावर ते असं कधी लिहिलेलंच नव्हतं.

साहेबांनी खिशातली डायरी काढली, काहीतरी खोडलं आणि दुसरीकडे लिहिलं. प्रशिक्षण त्यांच्याच हातात होतं, ते दिवाळीनंतर ढकलायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. उठता उठता ते सरांना म्हणाले, "अठरावं उद्दिष्ट बी तुमच्या पोरीनं साध्य केलं. तुमचं तेवढं राहिलं." आईला माझा जयभीम सांगा, असंही म्हणाले.

फळ्यावर साहेबांच्या नावे चौऱ्याऐंशी रेघा झाल्या होत्या. साहेबांनी बाह्या सारून हापशावरून एक बादली आणली, रोपाला घातली आणि बाकीच्या पुढच्या तपासणीला, असं सांगून जीप गाठली.

जीप फाटकाबाहेर गेली तसे सर वर्गात आले. त्यांना खूप काही बोलायचं होतं. बुद्धप्रियाच्या डोक्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "चांगलं बोललीस गं पोरी. लई चांगलं बोललीस."

बालाजीनं फळ्यावर सात रेघा ओढल्या. "सर, सेव्हन बकेट," तो म्हणाला.

"फुल सेंटेन्स," सर सवयीनं म्हणाले.

बालाजीनं क्षणभर छताकडे पाहिलं आणि मग आयुष्यातलं पहिलं सबंध इंग्रजी वाक्य ठणकावून म्हटलं, "सर विल टेक सेव्हन बकेट टू हापसा."

हापसा हा शब्द मराठी असल्यामुळे आठवी बादली बालाजीची ठरली, आणि दोघं मिळून पाणी आणायला निघाले.